डबलसीट, सामान आणि खडीचा रस्ता: गाडी निवडण्याआधी वजनकाटा

कराडहून एका जोडप्याचा प्रश्न आलाय. सप्टेंबरमध्ये वीस दिवस काढून मनाली, लेह, झंस्कार आणि परतताना स्पिती करायचं आहे. दोघं एकाच गाडीवर. पतीची उंची पाच फूट सहा इंच, वजन ७४ किलो. पत्नीचं वजन ५८. तंबू, स्लीपिंग बॅग, थंडीचे कपडे सोबत. गाडी रेल्वेने पाठवायची नाही, घराच्या दारातूनच निघायचं. मनात चार गाड्या आहेत: रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५०, केटीएम ३९० ॲडव्हेंचर, सुझुकीची २५० सीसीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि हिरोची एक्सपल्स. “यातली कोणती घेऊ, आणि पॉवर किती असली म्हणजे पुरे?” खाली ताईंनी स्वतःची एक ओळ जोडली आहे: “मागे बसणाऱ्याचा विचार कोणत्या गाडीत केलाय, तेही सांगा.”

माझं साताऱ्यात गॅरेज आहे. लडाख आणि स्पितीच्या अकरा वाऱ्या झाल्या, त्यातल्या पाच डबलसीट. शिवाय जाऊन आलेल्या गाड्या दुरुस्तीला येतात, आणि रस्त्याने गाडीचं काय केलं हे खोललेल्या गाडीत स्वच्छ दिसतं. त्या अनुभवावरून सांगतो: पॉवरचा प्रश्न शेवटी विचारायचा. पहिला प्रश्न वजनाचा. किती वजन, ते कुठे बसणार आणि मागची स्प्रिंग ते पेलणार का, एवढं कळलं की चारपैकी दोन गाड्या आपोआप गळतात.

आधी बेरीज करू. ७४ किलोचा माणूस हेल्मेट, जॅकेट, गुडघ्याचे गार्ड आणि बूट घालून बसला की ८२ चा होतो. ५८ चे ६५ होतात. इथेच १४७ झाले. सामान कितीही आवरलं तरी तंबूसकट २२ किलो. हत्यारं, पंप, जादा ट्यूब, चेनचं तेल मिळून ५. लेगगार्ड, इंजिनखालची प्लेट आणि कॅरियर यांचे ११; हे वजन लोक धरतच नाहीत, कारण ते गाडीला ‘बसवलेलं’ असतं. पाच लिटर जादा पेट्रोल डब्यासकट साडेचार किलो, पाणी दोन. एकूण एकशे नव्वदच्या वर.

आता गाडीच्या पुस्तिकेत बघा. तिथे गाडीचं एकूण कमाल वजन दिलेलं असतं, म्हणजे गाडी, माणसं आणि सामान धरून. त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की उरतो तो तुमचा वाटा. या वर्गातल्या गाड्यांत तो बहुतेकदा दोनशेच्या आसपास किंवा त्याखाली निघतो. म्हणजे तुम्ही मर्यादेला टेकूनच निघणार आहात. चारही गाड्यांच्या पुस्तिका शोरूममध्ये मागून घ्या आणि ही वजाबाकी स्वतः करा. सेल्समनला हा आकडा तोंडपाठ नसतो, आणि जाहिरातीत तो कधी छापलेला मी पाहिला नाही.

गाडी घेतल्यावर एक काम नक्की करा. भुसार दुकानात धान्याच्या पोत्यांसाठी प्लॅटफॉर्म काटा असतो. दुकानदाराला विनंती करून सगळं सामान लादलेली गाडी, तुम्ही दोघं वर बसून, आधी पुढच्या चाकावर आणि मग मागच्या चाकावर तोला. जे चाक काट्यावर नाही त्याच्याखाली काट्याच्याच उंचीची फळी ठेवा, नाहीतर आकडा चुकतो. रिकाम्या गाडीचं वजन दोन्ही चाकांवर जवळजवळ निम्मंनिम्मं असतं. डबलसीट आणि सामान चढलं की पुढच्या चाकाचा वाटा चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. खडीत, वाळूत, ओल्या मुरमात गाडी वळवतं ते पुढचं चाक. तेच हलकं झालं की हँडल हातात तरंगायला लागतं आणि ताशी ऐंशीच्या वर थरथर सुरू होते. माझ्याकडे ‘कोनसेट बदला, हँडल हलतंय’ म्हणून आलेल्या कितीतरी गाड्यांचा कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, चांगला होता. मागच्या पेटीत पंधरा किलो भरले होते, एवढंच.

म्हणून सामान लादताना दोन गोष्टी पाळायच्या: जितकं खाली आणि जितकं पुढे बसेल तितकं चांगलं. हत्यारं, पाणी, जादा ट्यूब अशा जड वस्तू टाकीच्या दोन्ही बाजूंना, लेगगार्डला बांधायच्या छोट्या पिशव्यांत. कपडे आणि स्लीपिंग बॅग मागे. मागच्या आसाच्याही पलीकडे, शेपटीवर जे जाईल ते फक्त हलकं आणि फुगीर. शेपटीवरची पेटी दिसायला सोयीची असते, पण तिथला एक किलो टाकीजवळच्या दोन-तीन किलोंएवढा त्रास देतो.

आता स्प्रिंग. यावर जास्त वेळ घेतो, कारण यात लोक सर्वांत जास्त फसतात. मागचं चाक हवेत राहील अशी गाडी उभी करा. मेन स्टँड असेल तर सोपं, नसेल तर दोन मित्र बोलवा. मागच्या आसापासून सरळ वर शेपटीखालच्या एखाद्या बोल्टपर्यंत टेपने मोजा. मग गाडी पूर्ण लादून, दोघं बसून पुन्हा तेच अंतर मोजा. फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या एक तृतीयांशाच्या आसपास हवा. हिमालयन ४५० च्या मागच्या चाकाची हालचाल २०० मिलिमीटर आहे, म्हणजे साठ ते सत्तर मिलिमीटर बसली तर उत्तम. ऐंशीच्या पुढे गेली तर खड्ड्यासाठी शिल्लक फार थोडी राहते. शॉकअप तळाला आपटतो, आणि तो प्रत्येक धक्का तुमच्या कंबरेत, रिममध्ये आणि चॅसीच्या मागच्या पाइपांत जातो.

अशा वेळी बहुतेक जण प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला दाब, पूर्ण पिळून घेतात आणि गाडी ‘कडक’ झाली समजतात. प्रीलोडने स्प्रिंग कडक होत नाही. बसलेली गाडी फक्त वर उचलली जाते. वजनासाठी ते करायलाच हवं, पण पूर्ण पिळूनही गाडी ऐंशीपेक्षा जास्त बसत असेल तर त्यावर जाड स्प्रिंग हा एकच उपाय. ती शॉकअप उघडून काम करणाऱ्या माणसाकडूनच बसवून घ्यायची, कारण जाड स्प्रिंगला परत येताना आवरणारं डॅम्पिंगही तसंच लागतं. ते जमलं नाही तर गाडी प्रत्येक उंचवट्यानंतर चेंडूसारखी उडते. २०२५ च्या ३९० ॲडव्हेंचरला पुढे कॉम्प्रेशन (दबतानाचा आवर) आणि रिबाउंड (परत येतानाचा आवर), मागे रिबाउंड आणि प्रीलोड असं सगळं हाताने जुळवता येतं, आणि ही तिची खरी जमेची बाजू आहे. हिमालयनला मागे फक्त प्रीलोड मिळतो.

गाडी लादल्यावर आणखी दोन गोष्टी बदलतात. हेडलाइट आभाळाकडे बघायला लागतो, तो खाली करून घ्यायचा. आणि चेन. लांब हालचालीच्या गाडीत चिमटा, म्हणजे मागचं चाक धरणारा दुहेरी दांडा, खाली-वर होताना चेनचा ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा पिन आणि मागचा आस एका रेषेत आले की चेन सर्वांत जास्त ताणली जाते. रिकाम्या गाडीत बरोबर वाटणारी चेन डबलसीट बसल्यावर ओढली गेली, तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर त्याचा भार येतो. म्हणून लादलेल्या गाडीवर दोघं बसून, तिसऱ्याने चेन हलवून बघायची. थोडी सैल वाटली तरी चालेल, ताणलेली चालणार नाही.

कॅरियरचं मी भोगलंय. २०१७ साली स्पितीच्या वाटेवर ग्रांफूहून बातलकडे जाताना, छत्रूच्या पुढे, डाव्या बाजूच्या कॅरियरचा सांधा सुटला. तिथे रस्ता म्हणजे नदीपात्रातले गोटे. पेटी लोंबकळत चाकाला घासायला लागली तेव्हा कळलं. जुनी ट्यूब कापून पट्ट्या केल्या, टायर-लिव्हरची खपच्ची लावून बांधलं आणि काझाला जाऊन वेल्डिंग केलं. दोष त्या पाइपचा होता आणि माझाही. कॅरियर गाडीला दोनच ठिकाणी धरलेलं होतं, आणि डावं-उजवं एकमेकांना जोडणारी आडवी पट्टी नव्हती. पत्र्याच्या पन्हाळीसारख्या लाटालाटांच्या रस्त्यावर प्रत्येक लाटेला पेटी बाहेर ओढते. तासाभरात असे हजारो झटके बसतात आणि लोखंड थकतं. कॅरियर घेताना तीन गोष्टी बघा: प्रत्येक बाजूला किमान तीन ठिकाणी पकड, मागून नंबरप्लेटखालून जाणारी आडवी पट्टी, आणि किमान ८ मिलिमीटरचे बोल्ट. बोल्टला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे सुटू न देणारा डिंक, लावा. रोज मुक्कामाला पोहोचलात की हातात पाना घेऊन सगळे एकदा फिरवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

डबलसीटसाठी मी कापडी बॅगा सुचवतो. पत्र्याच्या पेट्या रिकाम्याच दहा किलोंच्या आसपास जातात. शिवाय दगडगोट्यांत तोल जाताना पाय खाली टेकला आणि गाडी पुढे सरकली की मागून पेटीची कड पिंढरीवर येते. अशा प्रसंगात पाय मोडलेला माणूस मी पाहिलाय. कापडी बॅग दबते.

आता पॉवर. समुद्रसपाटीला हवेचा जेवढा दाब असतो, त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त दाब खारदुंग ला वर असतो. उंची साधारण ५,३५९ मीटर. पातळ हवेत इंजिनाला ऑक्सिजन कमी मिळतो, आणि ताकद साधारण पंचावन्न ते साठ टक्क्यांवर येते. फ्युएल इंजेक्शनवाली गाडी हवा कमी झाली हे ओळखून पेट्रोलही कमी सोडते, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरसारखा काळा धूर आणि अडखळणं नसतं. पण गेलेली ताकद परत येत नाही. एक्सपल्स २०० फोर व्हॉल्व्हची १९ पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच) तिथे अकराच्या आसपास होते, नव्या २१० ची साडेचोवीस पीएस चौदावर येते, व्ही-स्ट्रॉमची साडेसव्वीस पंधरावर. हिमालयन ४५० ची ४० पीएस उतरून तेवीसच्या आसपास राहते. आता त्या अकरा पीएसवर तुम्ही दोघं, एकशे नव्वद किलो आणि चढावरचं वळण आठवा. एकट्याने एक्सपल्स मजेत चढते. मी स्वतः चढवलीय. डबलसीट आणि सामान घेऊन मात्र पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच धरून ओढावी लागते, आणि वरच्या खिंडीत क्लचप्लेट जळल्याचा वास यायला लागतो. पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान केलं तर चढाला मदत होते, पण घरापासून मनालीपर्यंतच्या हायवेवर तीच गाडी ताशी ऐंशीलाच गुरगुरायला लागते.

हा हायवे विसरू नका. कराड ते मनाली जाताना दोन हजार किलोमीटरहून जास्त आणि येताना तितकंच. तुमच्या एकूण प्रवासातला निम्म्याहून जास्त भाग हाच आहे. डबलसीट, सामान लादून, ताशी नव्वद दिवसभर न कुरकुरता धरेल, अशी गाडी तुम्हाला हवी. दोघांना घेऊन ती सवड मिळते ती चारशे सीसीच्या आसपासच्या इंजिनात. एवढ्यावर एक्सपल्स आणि व्ही-स्ट्रॉम तुमच्यासाठी गळल्या. दोन्ही गाड्यांवर माझा जीव आहे, आणि एकटा जाणारा कोणी विचारत असेल तर मी आधी त्याच घ्यायला सांगेन. १६०-१७० किलोची गाडी पडली तर एकट्याने उचलता येते, आणि साडेचार हजार मीटरवर धाप लागलेली असताना त्या तीस किलोंच्या फरकाची किंमत कळते.

पॉवरपेक्षा ती कुठे मिळते हे बघा. नाल्यात, गोट्यांवर, चिखलात तुम्ही ताशी दहा-पंधराच्या वेगाने जाणार. तिथे कमी आरपीएमला ओढ असलेलं इंजिन हवं. हिमालयन ४५० चा ४० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, साडेपाच हजार आरपीएमला पूर्ण मिळतो, आणि त्याच्या बऱ्याच खालीही गाडी समजूतदारपणे ओढते. केटीएमचं इंजिन फिरवलं की खुलतं. मोकळ्या रस्त्यावर त्याचा आनंद मोठा आहे. पण मागे माणूस बसलेला असताना गोट्यांवर इंजिन सतत फिरवत ठेवायचं म्हणजे क्लचशी सतत खेळणं आलं. दिवसभरात मनगट आणि क्लच दोन्ही दमतात.

चाकांबद्दल फार लांबवत नाही. हिमालयनला पुढे २१ इंची चाक आहे, २०२५ च्या ३९० ॲडव्हेंचरलाही. व्ही-स्ट्रॉमला आणि ३९० ॲडव्हेंचर एक्सला १९ इंची. २१ इंची चाक खड्ड्यात कमी बुडतं आणि दगडावरून सहज जातं. १९ इंची डांबरावर वळणाला चपळ. तुमच्या रस्त्यासाठी २१. रिम तारांची हवी. तारांची रिम वाकते आणि हातोडीने गावापर्यंत नेण्याइतकी सरळ करता येते. मॅकव्हीलला, म्हणजे ओतीव अलॉयच्या चाकाला, तडा गेला तर तिथेच थांबावं लागतं. पण तारांच्या चाकात ट्यूब असेल तर पंक्चरला चाक काढावं लागतं, आणि लादलेल्या गाडीचं मागचं चाक मनाली-लेह वाटेवरच्या मोरे प्लेन्स पठाराच्या वाऱ्यात काढणं हे एका तासाचं, हात गोठवणारं काम आहे. हिमालयन ४५० सुरुवातीला ट्यूबवाल्या चाकांचीच होती. नंतर तारांची ट्यूबलेस चाकं आली. थोडे पैसे जास्त गेले तरी ट्यूबलेसच घ्या. भोकात रबरी वात घालायचं किट आणि छोटा पंप घेतला की बहुतेक पंक्चर चाक न काढता पंधरा मिनिटांत निघतात. तरीही पुढच्या मापाची एक ट्यूब सोबत असू द्या. रिम दबून हवा धरेनाशी झाली तर आत ट्यूब घालून पुढे जाता येतं, आणि २१ ची ट्यूब अडीअडचणीला मागच्या चाकातही कशीबशी बसते.

हवेच्या बाबतीत एक चूक हमखास होते. कच्च्या रस्त्यावर हवा कमी करायची असते असं ऐकून लोक मागचा टायर अठरा-वीसवर आणतात. ते एकट्याने, बिनसामानाने जाणाऱ्यासाठी ठीक. डबलसीटला तेवढ्या हवेवर दगड थेट रिमला लागतो. चिमट्यावरच्या स्टिकरवर डबलसीटचा आकडा दिलेला असतो. त्यापेक्षा चार-पाच पीएसआय कमी, याखाली जाऊ नका. डांबर लागलं की पुन्हा भरा.

पेट्रोलचं गणित. केलाँगच्या आधी तांडीच्या पंपावरची पाटी प्रसिद्ध आहे: पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. हिमालयन ४५० ची टाकी १७ लिटरची. लादून, चढावर माझ्या नोंदीत ॲव्हरेज २५ ते २८ भरतं, म्हणजे चारशेच्या थोडं पुढे. केटीएमची टाकी साडेचौदा लिटरची, तिथे साडेतीनशेच्या आसपासच हिशेब थांबतो. दोन्हीत पाच लिटरचा डबा हवाच, कारण तांडीनंतर वाट चुकली, नाला चढला, मागे फिरावं लागलं तर पेट्रोल संपतं. लेहहून झंस्कारमधल्या पदुमला जाऊन शिंकू ला खिंडीवरून दारच्याला येताना मधे भरवशाचा पंप नाही, आणि पदुमच्या पंपावर पेट्रोल असेलच हे गृहीत धरू नका. लेहला टाकी आणि डबा दोन्ही भरून निघा. डबा धातूचा, झाकणाला रबरी वायसर असलेला घ्या. उंचीवर हवेचा दाब घटला की प्लॅस्टिकच्या बाटल्या फुगतात आणि पाझरतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ पाझरणारं पेट्रोल म्हणजे आगीला आमंत्रण.

एक कायद्याची गोष्ट मधेच सांगून ठेवतो. बाहेरच्या राज्यातली भाड्याची गाडी लडाखमध्ये फिरवायला तिथले स्थानिक गाडीवाले विरोध करतात आणि गाड्या अडवतात. त्यामुळे गाडी तुमच्या स्वतःच्या नावावर असू द्या, मित्राची उसनी नको. आरसीबुकावर दुसऱ्याचं नाव असलं की समजावत बसावं लागतं.

तर उत्तर: तुम्हा दोघांसाठी हिमालयन ४५०, ट्यूबलेस चाकांची. गाडी १९६ किलोची आहे आणि हे वजन कमी नाही. सीट ८२५ मिलिमीटर. पाच फूट सहा इंचाला आधी उंच वाटेल, पण तुम्ही दोघं बसलात की गाडी बसते आणि दोन्ही चवडे टेकतात. ८०५ ची खालची सीटही मिळते, पण लांब पल्ल्याला गुडघे जास्त दुमडतात. आधी नेहमीच्या सीटवर, मागे ताईंना बसवून चाचणी घ्या. एकट्याने घेतलेली चाचणी तुमच्या उपयोगाची नाही.

पैसे ओढाताणीचे असतील तर दुसरा रस्ता आहे, आणि तो मला मनापासून पटतो. जुनी हिमालयन ४११. २०१६ ला आली, २०२३ पर्यंत मिळत होती. इंजिन साडेचोवीस पीएसचं, हवेने आणि तेलाने थंड होणारं, ३२ न्यूटन-मीटर टॉर्क, टाकी १५ लिटरची, सीट ८००. आकड्यांत ती कमी आहे. खिंडीत डबलसीट हळू चढते, तिथे तक्रार करायची नाही. पण लांब स्ट्रोकमुळे कमी आरपीएमला तिची ओढ शांत आणि भरवशाची आहे. रेडिएटर नाही, म्हणजे दगड लागून पाणी गळण्याची भीती नाही, आणि मनाली-लेहच्या मेकॅनिकच्या हातांना ती पाठ आहे. पुढे-मागे २०० आणि १८० मिलिमीटरची हालचाल. चांगली ठेवलेली गाडी घेऊन उरलेले पैसे जाड स्प्रिंग, नवे टायर, नवीन चेन-स्प्रॉकेट आणि क्लचप्लेटवर घाला. मात्र हायवेवर तिला ताशी पंच्याऐंशीच्या पुढे हाकायची नाही. घर ते मनाली एक मुक्काम वाढवायचा, बस.

नव्या गाडीच्या किमतीबद्दल: सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्या गाड्यांवर ४० टक्के झाला. त्यामुळे एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम आणि चारशेच्या गाड्यांमधली दरी रुंदावली. त्या दरीकडे बघून मन एक्सपल्सकडे वळेल. तिथे एकच विचार करा. ताई स्वतः गाडी चालवतात का, किंवा शिकायला तयार आहेत का? असतील, तर साधारण एका ४५० च्या पैशांत दोन एक्सपल्स येतात. प्रत्येकीवर एकच माणूस आणि थोडं सामान. सगळी गणितं बदलतात: स्प्रिंग पुरते, क्लच जगतो, पडलेली गाडी दुसरा उचलायला येतो. मात्र सीट सव्वाआठशे-साडेआठशे मिलिमीटरच्या घरात आहे आणि सराव वर्षभराचा हवा. या सप्टेंबरला ते जमणार नाही, पुढच्या वेळेसाठी मनात ठेवा.

मोठ्या गाड्यांचा मोह होत असेल म्हणून दोन वाक्यं. आठशे सीसीच्या पुढची गाडी हायवेवर स्वर्ग आहे. पण सव्वादोनशे-अडीचशे किलोची गाडी सामानासकट स्पितीच्या वाटेवरच्या कुंझुम खिंडीच्या अलीकडच्या नाल्यात आडवी झाली तर तुम्ही दोघं मिळून ती उचलू शकणार नाही, आणि तिथे मदतीला तासभर कुणी फिरकत नाही.

गाडी कोणतीही घ्या, निघण्याआधी महिनाभर तिला पूर्ण लादून दोन दिवसांची एक फेरी करा. साताऱ्याहून कास, बामणोली, तापोळा, महाबळेश्वर, आंबेनळी घाटाने पोलादपूर आणि वरंध्याने परत, असा रस्ता मी माझ्या गिऱ्हाइकांना देतो. घाट, खडी, उखडलेलं डांबर, पाऊस असेल तर चिखल, सगळं दीड दिवसात भेटतं. काय सुटतंय, काय घासतंय, कोणती पिशवी नको होती, ते कळतं. या फेरीनंतर जवळजवळ प्रत्येक जोडपं चार-पाच किलो सामान घरी काढून ठेवतं.

आता ताईंचा प्रश्न, कारण त्याचं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं. मागे बसणाऱ्याला पुढचा खड्डा दिसत नाही, त्यामुळे शरीर धक्क्यासाठी तयार नसतं. शिवाय मागची सीट मागच्या आसाच्या जवळ असते, म्हणून तोच धक्का तिथे मोठा लागतो. शोरूममध्ये तीन गोष्टी बघा. फुटरेस्टवर पाय ठेवून अर्धवट उभं राहता येतं का. खडीत मागे बसणाऱ्याला तेच करावं लागतं, आणि फुटरेस्ट फार उंच किंवा फार मागे असले तर जमत नाही. सामानाच्या बॅगा लावल्यावर टाचा त्यांना अडतात का. आणि धरायला दोन्ही बाजूंना दांडी आहे का, हातमोजे घालून ती पकडता येते का. ४५० ची मागची सीट या वर्गात रुंद आणि सपाट आहे, आणि दांडी हाताला येते. केटीएमची मागची सीट अरुंद. दोन तासांनी उतरावंसं वाटतं.

मागे बांधलेली गुंडाळी पाठीला टेकेल इतकी जवळ ठेवा. चढावर मागे घसरण्याची भीती जाते आणि पोटाचे स्नायू सुटे होतात. उतारावर मात्र पुढच्या माणसाच्या पाठीवर भार टाकू नका. हात टाकीवर नेऊन तिथे टेकवा. बसताना आणि उतरताना दरवेळी आवाज द्या, पुढच्याने दोन्ही पाय रोवून ब्रेक धरला की मगच हला. उभ्या गाड्या याच क्षणी सर्वांत जास्त पडतात. आणि नाला आला की उतरा. दगडावरून चालत पलीकडे जा, वाटेत पाणी किती खोल आहे ते काठीने बघा, पलीकडून हात दाखवून रेषा सांगा. पलीकडे बदलायला कोरडे मोजे लागतात, तेवढे वरच्याच पिशवीत ठेवा.